बोलायचं बटण

"बोलायचं बटण कुठंय ह्याचं?" फौजदाराने सेट टेबलावर आपटला.

"बोलायचं बटणच न्हाई साहेब. निस्ता ऐकायचा सेट हाय त्यो."

"आणि ऐकून कुणाला सांगतोस?"

"कुणालाच न्हाई."

"कुणालाच सांगायचं नाही, मग ऐकतोस कशाला रे, अमजद?"

ह्यावर आमच्या ह्यांना उत्तर सुचेना. चौकीच्या दारात जेवणाचा डबा घेऊन मी उभी होते, आणि खरं सांगते, मलाही सुचलं नसतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हाच प्रश्न मी त्यांना हजारदा विचारला होता. पण नवऱ्याला बायकोने विचारणं वेगळं आणि खाकी कपड्यातल्या माणसाने 'अरे-तुरे' करत विचारणं वेगळं. माझं डोकं भणभणत होतं.

"सेट कुणाचा?" फौजदाराने विचारलं.

"माझा."

डबा हातातून पडायचाच राहिला. तो सेट ह्यांचा नव्हता. ह्यांच्या बापजन्मी असला सेट कुणी पाहिला नव्हता. मी तोंड उघडलं, तर ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्हाला वाटेल, कसला सेट आणि कसलं काय. सांगते. भोरात रेल्वे नाही. कधी नव्हती. आमच्याकडे एसटी येते, वडापच्या जीपा येतात, उसाचे ट्रॅक्टर येतात. आणि ह्या माणसाला वेड कशाचं, तर रेल्वेचं! ह्यांचे मामू लोणंदला रेल्वेच्या फाटकावर होते. लहानपणी सुटीत तिथे राहायला जायचे, तेव्हापासूनचं हे खूळ. स्टँडामागे आमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. दुकानात देवादिकांचे फोटो लावावेत, मक्का-मदिनेचा लावावा, तर ह्यांनी कुठल्याशा कॅलेंडरातलं इंजिन फाडून लावलेलं.

तेच इंजिन बघून कारखानीस साहेब दुकानात रेंगाळले. माणूस पुण्यातला, सरकारी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पानशेतला धरणाच्या काठी बंगला. पुढे त्या बंगल्यातला टीव्ही दुरुस्त करायला हे जायचे. साहेबांना गाड्यांचे फोटो काढायचा नाद. गळ्यात हा एवढा मोठा कॅमेरा. दोन वेडे भेटले आणि माझा रविवार संपला.

मग एकदा साहेबांनी तो सेट आणला. परदेशातून मागवलेला, पण येतानाच बिघडलेला. त्याला स्कॅनर म्हणतात. मुठीएवढा असतो आणि वर काडीसारखी एरियल. तो आपला एकामागून एक चॅनल चाचपत बसतो आणि जिथं कुणी बोलत असेल तिथं थांबतो. गाडीचा ड्रायव्हर आणि शेवटच्या डब्यातला गार्ड वॉकीटॉकीवर बोलतात ना, ते त्यात ऐकू येतं. ह्यांनी तो दुरुस्त केला आणि त्या दिवसापासून दोघांची वाटणी ठरली. साहेब डोळा, हे कान. आदर्कीच्या घाटात गाडी डोंगराला वळसा घालून चढते. साहेब खाली झुडपात कॅमेरा लावून बसणार आणि हे वर टेकाडावर सेट कानाला लावून. गाडी स्टेशनातून निघाली की गार्ड ड्रायव्हरला 'ऑल राइट' म्हणतो. ते ऐकू आलं की ह्यांनी वरून रुमाल हलवायचा. तेवढ्या अवधीत साहेब सावध होणार.

मला एकदा नेलं होतं. मी चिडूनच गेले. उन्हात काट्याकुट्यात बसवून ठेवलं बाई! पण सेटमधून आवाज आला. ड्रायव्हर गार्डाला विचारत होता, "डबा खाल्ला का?" गार्ड खोकला, खूप वेळ खोकला, मग म्हणाला, "शेपूची भाजी दिलीय, कशाला खातोय!" मला हसू फुटलं. हे म्हणाले, "ह्यो खोकल्यावाला. दमा हाय त्याला. पावसाळ्यात लई तरास हुतो. म्या त्याला कदी बघितला न्हाई, पन आवाज आला की बरं वाटतं." मग गाडी आली. शेवटच्या डब्यात गार्ड उभा होता, बाहुल्याएवढा. ह्यांनी हात वर केला आणि त्याने हिरवा झेंडा हलवला. ह्यांच्या तोंडावर जे हसू आलं, ते आमच्या लग्नाच्या फोटोत नाही. तसं त्यांना सांगितलं नाही मात्र, डोक्यावर चढून बसले असते.

त्या दिवशीच्या फोटोला पुढे कुठलंसं बक्षीस मिळालं. साहेबांनी एक मोठी प्रत आम्हाला दिली, ती इंजिनाच्या जागी दुकानात लागली. ईदला साहेब घरी यायचे, शीरखुर्मा वाटी पुसून खायचे आणि म्हणायचे, "वहिनी, ह्या हातांचा विमा उतरवून ठेवा." मीही हुरळायचे. खोटं कशाला बोलू, पुण्याचा एवढा मोठा माणूस वहिनी म्हणतो ह्याचं मला अप्रूप होतं.

आणि मग मुंबईत गाड्यांमध्ये बाँब फुटले. दोन हजार सहाचा जुलै. सगळीकडे तपासण्या, संशय. मी म्हटलं, "अहो, ते साहेबांचं भूत त्यांना देऊन या, न्हाईतर ट्रंकेत टाका." सेट तेव्हा आमच्याकडेच होता, खरखर करतो म्हणून साहेबांनी दिलेला. हे म्हणाले, "ऐकन्यात कसला गुन्हा? कुनाचं वाईट ऐकतोय का म्या?" आणि दुरुस्त झाला की नाही ते बघायला हा शहाणा माणूस कुठं गेला असेल? भाटघर धरणाच्या वरच्या टेकाडावर! म्हणे उंचावरून नीरा स्टेशनाकडचा आवाज येतो. पावसात छत्री धरून, एरियल वर करून, धरणाच्या डोक्यावर बसला. कुणी तरी बघितलं, चौकीत सांगितलं. सांगणाऱ्यालाही काय बोलू मी? दिवसच तसे होते. पण त्या सांगणाऱ्याचे वडील ह्यांना मुलाण्याचा अमजद म्हणून ओळखत होते, त्याचा रेडिओ आमच्याच दुकानात नीट झाला होता. एक हाक मारून 'काय करतोस रे?' विचारायला त्याचं तोंड झिजलं असतं का?

शिपायांनी दुकानातला फोटोही उचलला. रुळांचं वळण स्पष्ट दिसतंय म्हणाले.

तर हे चौकीत म्हणाले, "सेट माझा." डबा द्यायला आत सोडलं तेव्हा मी दातओठ खात विचारलं, "तुमचा कदीपासून झाला त्यो?"

"जमीला, हळू. पाव्हन्याची वस्तू हाय. आपल्या हातात असताना बालंट आलं, तर आपुन अंगावर घ्यायचं. साहेबांना कळलं की ते सोता येतील. आब्बांचं इसरलीस का?"

कशी विसरेन? सासरे जिवंत असेपर्यंत दर जेवणाला ऐकलंय. वरव्याचा कोणी गेनबा घरी पाहुणा आला होता. त्याच्या मोटारसायकलने बाजारात कुणाची म्हैस ठोकली. लोक जमले, तर सासरे पुढं होऊन म्हणाले, गाडी मी चालवत होतो. मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी गेनबा स्वतः म्हशीच्या मालकाच्या दारात जाऊन उभा राहिला, म्हणाला, मला मारा, मुलाणीभाईचा काही दोष नाही. आमच्या घरात गेनबाचं नाव अजून अदबीने घेतात. यजमानाने अंगावर घ्यायचं आणि पाहुण्याने येऊन उतरवायचं, ही ह्यांच्या घरची रीत. रीत चांगलीच आहे हो. पण ती दोघांनाही माहीत असावी लागते.

"तू साहेबांकडं जाऊ नगंस," हे म्हणाले. "बोलवून आनलं तर त्यात त्यांची काय शोभा? ते येतील."

साहेब आले नाहीत. मी बूथवरून फोन केला, तर मीटिंगमध्ये आहेत. पुन्हा केला, तर बाहेरगावी. मग मोबाईलच बंद. इकडे फौजदार म्हणायचा, "बाई, पुण्याहून सेट तपासायला माणूस येईस्तोवर माझ्या हातात काही नाही. आणला कुठून ते हा सांगत नाही, मग मी काय करू?" वाईट नव्हता तो. पण त्याच्या टेबलासमोर माझा नवरा चपला काढून उकिडवा बसलेला होता.

रविवारी मी उठले आणि ह्यांना न विचारता निघाले. मार्गासनीचा धम्मदीप ह्यांचा दोस्त. त्याचा टेम्पो दर रविवारी अंडी घेऊन पानशेतच्या हॉटेलांना जातो. मी त्याला गाठलं. म्हटलं, "मला कारखानीस साहेबांच्या दारात सोड."

तो म्हणाला, "भाभी, अमजदभाईनं नगं म्हनलंय ना?"

"अमजदभाई चौकीत बसलाय. तू चाकावर बस."

पाबे घाट चढून आम्ही पानशेतला उतरलो. पावसाळी गर्दी, जिकडे तिकडे कणसं भाजणं चाललेलं, पुण्याच्या गाड्यांची ही रांग. बंगल्यात साहेबांकडे पाहुणे होते. सगळे त्याच नादातले असणार, कारण भिंतीवर पांढरा कपडा लावून गाड्यांचे फोटो दाखवणं चाललं होतं. मी व्हरांड्यात पोचले तेव्हा कपड्यावर आमचाच फोटो होता. आदर्कीचं वळण. मी काट्यात बसले होते त्या दिवशीचा. आणि साहेब पाहुण्यांना सांगत होते, "गाडी नेमकी कधी निघणार ते आधी कळलं पाहिजे. मग थांबून राहायचं. पेशन्स!"

मला बघितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. लगबगीने बाहेर आले आणि मला पाण्याच्या टाकीआड नेलं.

"वहिनी, मला कळलंय सगळं. फार वाईट झालं. मी करतोय काहीतरी."

"काय करताय? चला माझ्यासंगट. सेट माझा हाय, दुरुस्तीला दिला व्हता, एवढंच म्हना. बास."

"तितकं सोपं नाही ते. त्या सेटला परवाना लागतो, माझ्याकडे नाही. माझी सरकारी नोकरी. मुलीचं परदेशी जायचं चाललंय. माझं नाव आलं तर सगळंच... अमजदचं काय, चौकशी करतील आणि सोडतील. साधा माणूस आहे."

"साधा मानूस? साहेब, बाँब फुटल्यापासनं आमच्या नावाचा मानूस साधा ऱ्हायलाय व्हय? तुमचं नाव आलं तर तुमची चौकशी हुईल. त्यांचं नाव आलंय तर त्यांना उकिडवं बसवलंय!"

माझा आवाज चढला होता. मला चढवायचाच होता. आतून एक पाहुणा बाहेर आला, पिकल्या मिशांचा. म्हणाला, "काय झालं रे? कोण आहेत ह्या?"

मी साहेबांकडे बघत राहिले. मनात म्हटलं, आता म्हणा. आता तरी म्हणा.

साहेब म्हणाले, "काही नाही. ह्या बाईंचे मिस्टर आमचा टीव्ही दुरुस्त करतात. काहीतरी गैरसमज झालाय."

वहिनीची बाई झाली. आणि हे, ज्यांनी उन्हापावसात टेकाडावर उभं राहून साहेबांना रुमाल दाखवला, ते टीव्ही दुरुस्त करणारे झाले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्या पिकल्या मिशांना सांगितलं, "आत त्यो फोटो लावलाय न्हवं? गाडी निघाली त्ये ह्यांना माझ्या नवऱ्यानं सांगितलं. ह्यांच्याच सेटवर ऐकून. आता त्यो सेट पोलिसांकडं हाय आन नवराबी. इचारा ह्यांना."

मिशावाला आपल्या बुटांकडे बघायला लागला. आतला फोटो बदलला, दुसरी कुठली तरी गाडी आली. मी फाटकाबाहेर निघून आले.

घाटात धम्मदीपने टेम्पो बाजूला घेतला. म्हणाला, "भाभी, रडायचं तर रडून घ्या."

"रडतीय कशाला? त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून आलीय म्या!"

"तुमी गेटाच्या आत तरी गेलात," तो म्हणाला. "म्या इतकी वरसं अंडी देतोय त्या बंगल्यात. ट्रे गेटाबाहेरच्या कट्ट्यावर ठिवायचा आन हाक मारायची. आत ये म्हनून कदी म्हनले न्हाईत." असं म्हणून त्याने गाडी सुरू केली. मार्गासनी येईपर्यंत आम्ही दोघं कारखानीस साहेबांना मनसोक्त शिव्या घालत होतो. इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

चौकीत जाऊन मी ह्यांचा शब्द मोडला. फौजदाराला सेटच्या मालकाचं नाव सांगितलं, बंगलाही सांगितला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचे मिस्टर म्हणतात माझा. तुम्ही म्हणता त्यांचा. ते नाही म्हणणार. मी कुणाचं धरू?" मग पुण्याचा माणूस आला. त्याने सेट उघडला, बंद केला, म्हणाला, ह्यातून बोलता येत नाही, नुसतं ऐकता येतं. जे हे पहिल्या दिवसापासून सांगत होते तेच. ह्यांना सोडलं. सेट ठेवून घेतला. दर सोमवारी हजेरी द्यायला सांगितलं.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. पानशेत, टाकी, मिशावाला, सगळं. वाटलं, माझ्यावर तरी ओरडतील. हे भाकरीचा तुकडा मोडून हातात धरून बसले. मग विचारलं, "टीव्ही दुरुस्त करतात, आसं म्हनले?"

"व्हय. तस्संच म्हनले."

तुकडा ताटात ठेवून हात धुतला आणि उठले.

दुकानात गिऱ्हाईक येईना. चौकीत जाऊन आलेल्याच्या हातात आपला टीव्ही कोण देणार? शेजारी भाजी विकणारी धोंडाबाई तेवढी आपला रेडिओ घेऊन आली आणि भर रस्त्यात ओरडली, "आमजद, ह्यो बिघडलाय बग, तूच नीट कर बाबा, दुसऱ्याला जमत न्हाई!" रेडिओ चांगला वाजत होता. हे त्यातली धूळ झाडत सकाळभर बसले.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. आणि कारखानीस साहेबही आले! हातात मिठाईचा पुडा. मी दुकानाच्या आतल्या बाजूला होते. पुढं धावून त्या पुड्याचं काय करायचं ते मी ठरवलंही होतं, पण हे जागेवरून उठले नाहीत, म्हणून मीही थांबले.

"अमजद," साहेब म्हणाले, "झालं ते फार वाईट झालं. मला झोप नाही रे. आता वातावरण निवळलंय. नवीन डिजिटल कॅमेरा घेतलाय. परवा आदर्कीला जाऊ या का? सेट नसला तरी तुझ्या कानावर..."

ह्यांनी हातातला स्क्रू फिरवून पूर्ण बसवला. मग वर बघितलं, कुठल्याही गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.

"टीव्ही आनलाय का?"

"काय?"

"आमी टीव्ही दुरुस्त करतो, साहेब. आनला आसंल तर दाखवा."

साहेब पुडा काउंटरवर ठेवून निघाले, तर हे म्हणाले, "ह्यो इसरला तुमचा." साहेबांना परत येऊन तो न्यावा लागला. मी आत पदर तोंडात कोंबून उभी होते. एवढ्या दिवसांत प्रथमच मला ह्या माणसाचा राग आला नाही.

पण गाडीचं नाव ह्या घरातून गेलं ते गेलंच. भिंतीवर फोटोच्या जागी खिळा राहिला. मी एकदा म्हटलं, "जाऊन या की लोणंदला, निस्ते बसून या फाटकावर." तर म्हणाले, "कुनी बघितलं तर?"

हिवाळ्यात लोणंदला मामूंच्या नातीचं लग्न निघालं, म्हणून एसटीने चाललो होतो. लोणंदच्या अलीकडे फाटक पडलं आणि एसटी अगदी पुढं, फाटकाला लागून थांबली. लोक माना बाहेर काढून बघायला लागले. कोल्हापूरकडे जाणारी गाडी आली. जमीन हलली, खिडक्या थरथरल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून चपलांकडे बघत बसले होते. मान तशीच खाली, चौकीत बसवलं होतं तेव्हासारखी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काय चोरी केली होती ह्या माणसाने? कुणाचं घेतलं होतं? मी खिडकीची काच सरकवली, हात खांद्यापर्यंत बाहेर काढला आणि वर केला. डबे चालले होते, चालले होते. शेवटच्या दारात गार्ड होता. त्याने माझा हात बघितला आणि हिरवा झेंडा हलवला.

"गार्डानं झेंडा दावला," मी म्हटलं.

हे मान खाली घालूनच होते. मग हळूच म्हणाले, "खोकल्यावाला व्हता का?"

"मला काय ठावं? तुमी वर बघायचं न्हाई का?"

"बघून कसं कळनार?" ते म्हणाले. "म्या त्याला बघितलाय कुठं? आवाजच तेवढा ठावा हाय."

फाटक उघडलं. एसटी रुळांवरून खडखडत पलीकडे गेली. "ओ बाई, हात आत घ्या," कंडक्टर मागून ओरडला. लोणंदचं स्टँड येईपर्यंत मी तो आत घेतला नाही.